अनसाताईंचं उघडं पान

अनसाताई स्वतःबद्दल फार चांगलं बोलायच्या. "माझ्यासारखी बाई ह्या तालुक्यात दुसरी दाखवा," असं चहा पिता पिता सहज म्हणायच्या आणि बशी खाली ठेवून खरोखरच उत्तराची वाट बघायच्या. पहिल्या आठवड्यात मला तो गर्व वाटला. पुढं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बरीच वर्षं काढल्यावर मीच ते वाक्य दुसऱ्यांना ऐकवायला लागले.

कळमनुरीला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं भाड्याच्या दोन खोल्या, हे आमच्या संस्थेचं ऑफिस. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या घरांना जनावरांच्या आजारांची माहिती द्यायची, लसीच्या वेळा कळवायच्या, दवाखाना आणि कळप यांची गाठ घालून द्यायची, एवढंच संस्थेचं काम. मी लग्न होऊन परभणीहून आले आणि तिथं टायपिंगला लागले. हिंगोली जिल्हा वेगळा व्हायच्या थोडं आधीची ही गोष्ट. अनसाताई गावोगाव हिंडून काम बघायच्या. माहेर-सासर दोन्ही औंढा नागनाथकडचं, दोन्ही घरं मेंढरं राखणारी. उंच, रुंद खांद्याच्या, पदर असा खोचलेला की बाई आखाड्यात निघाल्यात असं वाटावं. नवरा मेंढरांच्या मागं आणि त्या एसटीच्या मागं, असा त्यांचा संसार. हळू बोलणं त्यांना जमायचं नाही. औंढ्याला फोन लावला की आमचे सचिव म्हणायचे, "ताई, नुसती खिडकी उघडून बोला, बिल तरी वाचेल."

जिल्हा वेगळा झाला त्या दिवशी गावात फटाके वाजले, पेढे वाटले गेले. ताईंनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "जिल्हा बदलला खरा, पण मेंढरायला कोणी सांगितलं न्हाई."

हे वाक्य मला तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं होतं. पण त्यांचं सगळं डोकं त्याच एका गोष्टीभोवती फिरत असायचं. कळप चाऱ्याच्या मागं जातो. पैनगंगा ओलांडली की तिकडं विदर्भ, दुसरा जिल्हा, दुसरा दवाखाना, दुसरे साहेब. मेंढरू सकाळी इकडचं आणि संध्याकाळी तिकडचं. माहिती मात्र ज्या त्या ऑफिसच्या कपाटात. आणि कपाटाला कुलूप. कुलपाचा ताईंना मनस्वी राग. आमच्या कपाटाची किल्ली त्या मुद्दाम कपाटावरच ठेवायच्या. सचिव चिडले की म्हणायच्या, "कुलूप चोराला अडवत न्हाई वो साहेब. पाव्हण्याला अडवतंय."

मी आले तेव्हा त्यांचं एक बाड फिरत असायचं. शेळ्या-मेंढ्यांच्या आजारांचं पुस्तक करायचं त्यांनी मनात घेतलं होतं. पण एकटीनं लिहायचं नाही, हा हट्ट. हातानं लिहिलेले कागद कापडी पिशवीत घालून त्या पुसदच्या गाडीच्या कंडक्टरकडं द्यायच्या. पुसदकडं वानखडे नावाचे पशुधन पर्यवेक्षक होते, ते वाचून हिरव्या शाईनं दुरुस्त करायचे. परतीच्या गाडीनं बाड कळमनुरीला, तिथून औंढ्याच्या गाडीनं ताईंच्या भावाकडं. भाऊ चौथी शिकलेला. तो पेन्सिलनं फुल्या मारायचा आणि त्या फुल्यांचा अर्थ फोनवर सांगायचा. एकदा बाड उलट्या गाडीत बसून थेट नांदेडला गेलं. ताई डेपोत जाऊन ते घेऊन आल्या आणि त्यात कुणीतरी अनोळखी माणसानं पोटफुगीच्या पानावर एक चांगली सूचना लिहून ठेवलेली निघाली. ताई इतक्या खूश झाल्या! ती सूचना त्यांनी पुस्तकात घेतली. नावाच्या जागी लिहिलं, "नांदेड डेपोतले एक भाऊ."

मग कॉम्प्युटर आले आणि उलट तकलीफ वाढली. आम्ही एका फॉन्टमध्ये टाइप करायचो, वानखडेंकडं दुसराच. आमची फाइल त्यांच्याकडं उघडली की अक्षरांच्या जागी चौकोन आणि उद्गारचिन्हं. त्यांनी दुरुस्त करून पाठवली की आमच्याकडं तेच. ईमेलनं फाइली यायच्या-जायच्या. 'पुस्तक अंतिम', 'पुस्तक अंतिम नवीन', 'पुस्तक अंतिम नवीन हेच घ्या'. कुठल्या फाइलीत कुणाची दुरुस्ती राहिली हे मला काही केल्या उमगायचं नाही. ताई माझ्या खुर्चीमागं उभ्या राहून म्हणायच्या, "ह्याच्यापरीस माझा कंडक्टर बरा व्हता की."

दोन हजार साल उलटून पाच-सात वर्षं झाली असतील. नांदेडला संस्थांच्या लोकांसाठी एक शिबिर होतं, तिथं मी एक नवी गोष्ट शिकून आले. इंटरनेटवर एक पान करायचं. ते एकाच्या कॉम्प्युटरमध्ये नसतं, तिकडं लांब कुठंतरी असतं. ज्याला आपण बोलवू तो आपल्या ठिकाणाहून ते उघडणार, त्यातच लिहिणार, त्यातच खोडणार. फॉन्टचीही भानगड राहिली नव्हती. शिबिरात निम्म्या लोकांच्या डोक्यावरून हे गेलं. मला स्वतःला ताईंना कसं सांगावं हा प्रश्न होता. मी तासभर सांगायच्या तयारीनं बसले आणि दोन वाक्यांत त्यांनी मला थांबवलं.

"म्हंजे बाड एकच. फक्त गाडीची वाट बघायची न्हाई. असंच ना?"

"असंच."

"आन बाहेरच्या माणसालाबी देता येतं? आपल्या संस्थेचा नसला तरी?"

"येतं. नुसतं वाचायला देता येतं, किंवा लिहायलासुद्धा देता येतं. आपण ठरवायचं."

"मग बसली काहून? वानखडेला बोलव."

त्या दिवसापासून त्या पानाला आमच्याकडं 'उघडं पान' हे नाव पडलं. ताईंनी दोन बोटांनी टाइप करायला शिकून घेतलं. कीबोर्डवर बोट असं पडायचं की शेजारच्या टेबलावर माझा चहा हिंदकळायचा. दोघं एकाच वेळी पान उघडून बसले की खाली नाव दिसायचं. वानखडेंचं नाव आलं की ताई पदर सावरायच्या, जणू माणूस दारात आलाय.

दोघांचं पहिलं भांडण त्या पानातच झालं. पोटफुगीत जनावराला तेल पाजताना तोंड वर धरावं, असं ताईंनी लिहिलं होतं. वानखडेंनी ते खोडून लिहिलं, मान फार वर करू नये, तेल श्वासनळीत जातं. ताईंनी ते खोडलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. ताईंनी पुन्हा खोडलं. मी शेजारी बसून अक्षरं उगवताना आणि मावळताना बघत होते. शेवटी फोन वाजला.

"अनसाबाई, मले खोडून काय भेटते जी? मी खोटं सांगून राहिलो का?"

"माझ्या बापानं जन्मभर असंच पाजलं!"

"पाजलं असन. किती मेले ते बी लिवा मग."

ताईंनी फोन ठेवला. मग भावाला फोन लावला आणि बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. तेल पाजल्यावर दोन-चार दिवसांनी खोकून खोकून मेलेली मेंढरं भावाला चांगली आठवत होती. त्याचा आणि तेलाचा संबंध घरात कुणी लावला नव्हता. ताई परत मशीनपुढं बसल्या. वानखडेंची ओळ त्यांनी होती तशी ठेवली. खाली स्वतः लिहिलं, "वानखडे साहेबांचं बराबर आहे. मान सरळ ठेवावी. आधी अनसाबाईने चुकीचं लिहिलं होतं."

मी म्हटलं, "ताई, हे शेवटचं वाक्य काढू या का?"

"ऱ्हाऊ दे. लोकायला कळू दे, अनसा बी चुकती." मग जरा थांबून, "कवा कवा."

उन्हाळ्यात कळमनुरीला लोडशेडिंग इतकं असायचं की दुपारचं काम जवळजवळ बंदच. पूर्वी ताई कपाळाला हात लावून बसायच्या. आता त्या वानखडेंना फोन करायच्या, "आमची लाइट गेली, तुमी घ्या पुढं." तिकडची गेली की तिसरा एक जण पुढं घ्यायचा. हा तिसरा म्हणजे प्रल्हाद राठोड. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरचा, तिशीचा, दोन लेकरांचा बाप. गावात त्याचं फोनचं बूथ होतं, तिथं त्यानं एक कॉम्प्युटर ठेवला होता. त्याच्या तांड्यावर शेळ्या भरपूर. ताईंनी एका भेटीत त्याला पानात बोलावून घेतलं, ते सुद्धा लिहिण्याच्या हक्कासकट. सचिवांना हे रुचलं नाही.

आमचे सचिव वाईट माणूस नव्हते. संस्था त्यांनी कष्टानं उभी केली होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की वानखडे सरकारी माणूस, प्रल्हाद बूथवाला; दोघंही आपले नव्हेत. आपल्या कामाचं पान त्यांच्या हातात कशाला? उद्या कुणी काही बिघडवलं तर जबाबदार कोण?

"मी," ताई म्हणाल्या. "आजार बाहेरूनच येतो ना साहेब? मग खबरबी बाहेरूनच येणार."

पुस्तक त्या पानावर पुरं झालं, छापलं गेलं. पण ताईंचं खरं काम त्याच्या पुढच्या हिवाळ्यात दिसलं. त्या वर्षी बुळकांडी आली.

बुळकांडी हा शेळ्या-मेंढ्यांचा वाईट आजार. ताप, नाका-डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग हगवण, आणि बघता बघता अर्धा कळप आडवा. एकदा लागण झाली की औषधाचा फारसा उपयोग नाही. जिथं आजार पोचला नाही तिथं आधी लस टोचणं हाच उपाय. आणि लसीची एक अडचण असते. एका कुपीत शंभर जनावरांची लस. पाणी घालून कुपी एकदा तयार केली की बर्फावर ठेवूनही तास-दोन तासांत संपवावी लागते. गावात चाळीसच मेंढ्या असतील तर उरलेली साठांची लस मातीत.

ताईंनी पानाला जोडून दुसरं पान केलं. कुठल्या गावात आजार दिसला, कुठला कळप आज कुठं बसलाय, कुठं कुपी फोडणार, किती उरणार. दोन्ही जिल्ह्यांतल्या साहेबांना भेटून परवानग्या घेतल्या. मग पैनगंगेच्या अलीकडं-पलीकडं एकच खेळ सुरू झाला. वानखडे तिकडून लिहायचे, "शेंबाळपिंपरी, कुपी फोडून राहिलो, तीस उरतात." ते वाचून प्रल्हाद मोटारसायकलवर जाऊन नदीकाठचा कळप वळवून आणायचा. एकही थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, ही त्या तिघांची जिद्द. मला अजून आठवतं, खिडकीतून ऊन आत आलेलं, पडद्यावर एकेक ओळ उमटतीय आणि ताई ती मोठ्यानं वाचतायत, जणू क्रिकेटची कॉमेंटरी.

आणि अशात एका सकाळी औंढ्याकडून गिरजाबाई आल्या. ताईंच्या नात्यातल्या, मेंढरं राखणाऱ्या. येऊन पायरीवरच बसल्या आणि रडायला लागल्या.

"अनसे, इकली गं मी. सगळी इकली."

"काय इकलं?"

"मेंढरं. जीपवाला व्यापारी आला. म्हणला, तुमच्या गावाचं नाव आलंय आजाराच्या यादीत, कॉम्प्युटरवर. आता सरकारची माणसं येतेत आन सगळी मेंढरं जित्ती पुरतेत. म्हून निम्म्या भावात दिली."

ताईंचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. गिरजाबाईंच्या गावाचं नाव पानात आदल्याच दिवशी आलं होतं. ते पान बघणारे मोजके. "ह्याच्यात कोण कोण हाय ते काढ," एवढंच त्या मला म्हणाल्या. मी बोलावलेल्यांची नावं उघडली. आमच्या ओळखीच्या नावांखाली एक अनोळखी नाव होतं. त्यानं पानात एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. नुसतं बघत होता. आणि त्याला बोलावलं होतं प्रल्हादनं.

प्रल्हाद तासाभरात आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "ताई, तो मला म्हणला, मी बी मेंढरं पाळतो, लसीची खबर पाहिजे. मला वाटलं चांगलंच हाय. तुमीच म्हणता, जास्त माणसं तितकी जास्त खबर."

सचिव उठून उभे राहिले. "मी सांगत होतो. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना काढा. पान आपल्या संस्थेपुरतं ठेवा. तांड्यावरच्या कुणालाही उचलून..."

"साहेब." ताईंचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा हळू होता, म्हणून जास्त लागला. "तांड्याचं नाव मधी आणू नका. फसवलं त्यानं, फसला हा. उद्या मी फसन, तवा काय मेंढपाळाची जात काढता का?"

सचिव खाली बसले. खरं तर त्यांच्या म्हणण्यातही तथ्य होतं, आणि ताईंना ते कळत होतं. पान तसंच ठेवलं तर व्यापारी रोज नवं गाव गाठणार. बंद केलं तर दुसऱ्या दिवशी तिकडून कुप्या घेऊन निघालेल्या वानखडेंना कळप कुठं आहेत ते कळणार नाही, आणि आजार कुणासाठी थांबणार नव्हता. ताई खिडकीशी जाऊन मोंढ्याकडं बघत उभ्या राहिल्या. वळल्या तेव्हा त्यांचं ठरलं होतं.

"जीपवाल्याचं नाव काढ. बोलावलेल्या माणसानं परस्पर आणखी कोणाला बोलवायचं, ती सोय बंद कर. करता येती ना?"

येत होती. एका चौकोनातली खूण काढायची होती. ती आधीच काढायला हवी होती हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

"आता पानाचे दोन भाग कर. आजार कोणत्या गावात, हे फक्त टोचणाऱ्या माणसायपुरतं. लस कुठं, कवा, हे सगळ्या जगाला बघू दे. बघू दे, लिहू न्हाई." मग प्रल्हादकडं वळून, "तुला काढलं न्हाई. तुझं लिहिणं चालू ठेव. उद्या बाजार हाय, माझ्यासंगं उभं ऱ्हायचं."

प्रल्हादनं डोळे पुसले आणि तो तसाच मोटारसायकलकडं गेला.

आठवडी बाजारात दुसऱ्या दिवशी मीही गेले. जनावरांच्या बाजूला एका बैलगाडीवर ताई चढल्या. लाउडस्पीकर नव्हता आणि लागणारही नव्हता. "ऐका गं बायांनो, ऐका दादांनो! मेंढरं कोणी पुरत न्हाई! ज्यानं तसं सांगितलं तो लबाड हाय! तुमच्या गावात लस येऊन राहिली. कवा येती ते प्रल्हादला इचारा, त्याच्यापाशी लिहिलेलं हाय. मेंढरू इकू नका, आन आजारी मेंढरू बाजारात आणू नका. शेजाऱ्याचं मारायचं पाप लागंल!"

प्रल्हाद गाडीच्या चाकाशी उभा राहून एकेका गावाला दिवस सांगत होता. त्याच्याभोवती गर्दी जमली. जीपवाला लांब चहाच्या गाड्यावर होता. तो उठून निघून गेला. मला वाटलं, संपली गोष्ट.

संपली नव्हती. त्यानं गावोगावची मेंढरं उचलून एकाच वाड्यात कोंडली होती. त्यांतल्या काहींना आजार होताच. चार-पाच दिवसांत त्याच्या वाड्यात जनावरं पडायला लागली, आणि एका दुपारी तो स्वतः आमच्या ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. इस्त्रीचे पांढरे कपडे, पण दाढी वाढलेली. आत यावं की नाही हे त्याला कळत नव्हतं.

मला वाटलं, ताई आता त्याला असं झोडपतील की मोंढ्यापर्यंत ऐकू जाईल. सचिवांनीही हातातलं काम थांबवलं. ताईंनी त्याच्याकडं नीट बघितलं.

"बसा," म्हणाल्या. "कोणत्या कोणत्या गावातून घेतली मेंढरं? आधी ते सांगा."

"ताई, आधी डॉक्टर..."

"डॉक्टर येतो. मी फोन लावते. तोवर गावं सांगा. एकबी लपवायचं न्हाई."

तो सांगत गेला, मी टाइप करत गेले. त्यात तीन गावं अशी निघाली, की तिथं आजार पोचलाय हे आम्हाला माहीतच नव्हतं. तिथल्या लोकांनी कुणाला न सांगता आजारी जनावरं गुपचूप विकून टाकली होती. ओळ उमटल्याबरोबर वानखडेंचा फोन आला. "अनसाबाई, हे तीन गावं कुठून आणले जी? हेच तं मले सापडून नोते राहिले! आजार कोण्या वाटेनं गेला ते आता दिसलं." त्यांनी सकाळची वाट न बघता गाडी काढली, त्या तीन गावांच्या पुढची गावं दोन दिवसांत टोचून झाली, आणि औंढ्याच्या बाजूला आजार पुढं सरकला नाही. औंढ्याच्या देवस्थानाच्या रानात त्या दिवसांत मोठे कळप बसलेले असायचे. त्यांच्यापर्यंत बुळकांडी पोचलीच नाही. पलीकडं पुसदच्या बाजूलाही ती नदीकाठीच थांबली.

जीपवाल्याच्या वाड्यातली बरीच मेंढरं गेली. जी जगली त्यांतली गिरजाबाईंची तेवढी त्यानं घेतलेल्या भावात परत केली. ताईंनी समोर उभं राहून करवून घेतली. कळपातली सगळी परत आली नाहीत. गिरजाबाई उरलेली घेऊन घरी गेल्या. काही दिवसांनी त्यांनी ताईंसाठी घोंगडीची लोकर पाठवली. जीपवाल्यानं पुढं एकदा विचारलं, "ताई, मला परत घेता का पानात?" ताई म्हणाल्या, "लस कवा हाय ते सगळ्या जगाला दिसतंय, तुमालाबी दिसन. लिहायचं असंल तर इथं येऊन सांगा, ही पोरगी लिहील." आणि तो येऊन सांगायचा. पुढच्या वर्षी आजाराची पहिली खबर त्यानंच आणली, असं ताईंनी मला फोनवर सांगितलं.

आणि सचिव? दुसऱ्या संस्थांच्या लोकांना ते स्वतः पान उघडून दाखवायला लागले. "आमच्या ताईंनी केलंय," असं म्हणताना त्यांची छाती फुगायची. ताई मागून म्हणायच्या, "साहेब, जरा मोठ्यानं बोला."

त्याच हिवाळ्याच्या शेवटी नांदेडला एक बैठक होती. तीन-चार जिल्ह्यांतले पशुवैद्यक, अधिकारी, संस्थांची माणसं. ताईंना बोलायला बोलावलं होतं. भिंतीवर पडदा लावून मी पान उघडलं. ताई बोलायला उभ्या राहिल्या आणि माझ्या लक्षात आलं की आज डोंगरकड्याकडं लस चालू आहे. ताईंचं पहिलं वाक्य संपायच्या आत भिंतीवर प्रल्हादची ओळ उमटली. कुठली वस्ती, किती झाल्या, किती उरल्या. तिच्याखाली वानखडेंची. मग एक नाव ताईंनाही नवं, नदीपलीकडच्या कुणा बाईचं. वानखडेंच्या सांगण्यावरून मीच तिला जोडून घेतलं होतं. तिनं लिहिलं, आमच्या पन्नास शेळ्या निघाल्या, थांबा. सभागृहात कुणी ताईंकडं बघतच नव्हतं. सगळे मान वर करून भिंतीकडं.

ताई बोलायच्या थांबल्या. त्याही भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या. मग वानखडेंची आणखी एक ओळ आली, "अनसाबाई, भाषण आवरा, बर्फ विरघळून राहिला." सगळं सभागृह हसलं.

पुढच्या रांगेतल्या एका अधिकाऱ्यांनी विचारलं, "मॅडम, हे पान नक्की कुणाचं म्हणायचं? तुमच्या संस्थेचं, की पलीकडच्या दवाखान्याचं?"

"जो लिहितो त्याचं," ताई म्हणाल्या. "पण सुरू मी केलं. ते तेवढं ध्यानात ठेवा."

टाळ्या झाल्या. त्यांना शाल घालून नारळ दिला. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी उगाच वायरी गुंडाळत बसले.

त्यानंतर महिन्याभरात माझ्या नवऱ्याची बदली लातूरला झाली आणि कळमनुरी सुटली. फोनवर बोलणं होतं. ताई आता नदीपलीकडच्या गावांतही जातात, कामं वाढलीत, आवाज तसाच आहे. पण मला त्या आठवतात त्या नांदेडच्याच. जेवणाच्या सुट्टीत फोटो काढायला सगळे त्यांना शोधत होते. मी जिन्याच्या खिडकीतून खाली बघितलं. रस्त्यावर कळमनुरीकडं जाणारी काळी-पिवळी भरत होती आणि ताई ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. मांडीवर लसीचा बर्फाचा डबा होता, नांदेडच्या दवाखान्यातून मागून घेतलेला. ऊन थेट काचेतून आत येत होतं, म्हणून त्यांनी ती नवी कोरी शाल घडी मोडून डब्याभोवती गुंडाळली होती, लेकराला गुंडाळतात तशी. गाडी हलली. ताईंनी डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. बहुतेक, जोरात घे म्हणून.